दगड-धोंडे विचारा: विहिरीतली 'तुरटी', कपाटात भुगा झालेला दगड आणि रंगवलेले गोळे

ह्या वेळी दगडांवर इतकी पत्रं आणि फोटो आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. उन्हाळ्यात विहिरी खणल्या जातात, हायवेची कामं चालतात, सुरुंग उडतात, आणि मग पावसाळा लागला की लोक घरात बसून सापडलेले दगड पुन्हा काढून बघतात, त्यामुळे असेल. जवळपास सगळ्यांच्या दगडाची भानगड शेवटी पाण्यापाशीच येते, तेव्हा आधीच सांगून ठेवतो, पाणी हा शब्द पुष्कळदा येणार आहे.

महाडजवळच्या एका गावातून एक ताई लिहितात: परसात विहीर खणायला घेतली. वरचा मुरूम गेला, मग काळा दगड लागला म्हणून सुरुंग लावला. आत एक पोकळी निघाली, मूठ आत जाईल एवढी, आणि तिच्यात काचेसारखे चौकोनी खडे, त्यांच्याखाली फिकट गुलाबी पापुद्र्यांचे गुच्छ. आमचे हे म्हणतात तुरटी आहे, भावोजी म्हणतात हिरे आहेत कोणाला बोलू नका, सासूबाई म्हणतात काहीही असो, नीट ठेवून द्या. फोटो पाठवलेत. नक्की काय आहे?

ताई, सासूबाईंचं ऐका. फोटो छान आलेत, खिडकीपाशी धरून काढलेल्या फोटोत तर सगळंच दिसतंय. चौकोनी खडे म्हणजे अपोफिलाइट आणि खालचे गुलाबीसर गुच्छ म्हणजे स्टिल्बाइट. आपल्या काळ्या दगडात ही जोडी नेहमीची आहे, परदेशातल्या म्युझियममध्ये कपाटात 'इंडिया' लिहिलेलं दिसलं की त्याच्या शेजारी बऱ्याचदा हेच दोघं बसलेले असतात.

तुरटी नाही हे घरच्या घरी कळेल. गळून पडलेला एखादा बारीक तुकडा घ्या (आख्खा खडा नको हं), वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. तुरटी असेल तर विरघळेल, हा होता तसाच राहील. जिभेला लावून बघायची लोकांना फार हौस असते, ते नको. आणि भावोजींना सांगा की सुरीच्या टोकाने ह्याच्यावर चरा पडतो, कडकपणाच्या दहाच्या मापात हा साडेचार ते पाच आणि हिरा पूर्ण दहा, शिवाय मध्य प्रदेशात पन्नाला हिरे निघतात तो दगडच वेगळा, आपल्या काळ्या दगडात हिरे नसतात. काच आणि हा शेजारी ठेवले तर हा काचेवर ओरखडा काढू शकत नाही, गारगोटी मात्र काढते, तिचा कडकपणा सात. त्यामुळे गारगोटी की अपोफिलाइट असा प्रश्न पडला तर बाटलीची फुटकी काच पुरते.

आता खरी मजा. एक मोठा खडा उजेडात धरून हळूहळू फिरवा. त्याच्या चार बाजूंवर उभ्या बारीक रेघा दिसतील, अगदी जवळ नेऊन बघावं लागतं, आणि त्या बाजूंची चमक काचेसारखी असेल. मग वरचं तोंड बघा. तिथे रेघा नाहीत, आणि चमक एकदम बदलते, शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते तशी मोतिया. एकाच खड्याच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेची चमक, हे अपोफिलाइटचं आधार कार्ड समजा. त्या मोतिया तोंडाच्या जरा खाली कधी कधी इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात, ते म्हणजे आत पडलेल्या पातळ भेगा. हा खडा त्या तोंडाला समांतर असाच सुटतो, धक्का लागला की वरचा पापुद्रा निघून येतो आणि खाली पुन्हा तसंच गुळगुळीत तोंड. कारण आतली रचनाच थरांची आहे, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे थर, आणि त्या थरांच्या मधे कॅल्शियम, पोटॅशियम, थोडं फ्लोरिन आणि पाणी. पाणी म्हणजे अडकून बसलेले थेंब नाहीत, रचनेतच बांधलेले रेणू. आणि किती, तर वजनाच्या साधारण १६ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमच्या खड्यात १६ ग्रॅम पाणी. हातात दगड आहे आणि त्याचा सहावा हिस्सा पाणी आहे, मला तर दर वेळी नवल वाटतं.

सगळे खडे चौकोनी नसतात हेही बघून ठेवा. त्याच पोकळीत एखाद्याचे कोपरे तिरके कापल्यासारखे असतील, एखादा वर निमुळता होत टोकाला पिरॅमिडसारखा झाला असेल, खनिज एकच. रंग बहुतेक वेळा पांढरा किंवा बिनरंगी, पण हिरवाही निघतो, घाटावर पुणे, जळगाव, राहुरीकडे त्याचे सुंदर नमुने मिळालेत, आणि तो हिरवा रंग व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या किंचितशा अंशामुळे येतो. तुमच्या फोटोत एका खड्याला हिरवट झाक वाटतेय पण ती मागच्या दगडाची असावी, पोकळीच्या भिंतीला हिरव्या खनिजाचं अस्तर असतं त्याची.

स्टिल्बाइट ह्याच्याहून मऊ, साडेतीन ते चार. त्याचे पातळ खडे एकत्र येऊन मधे आवळलेल्या पेंढीसारखे दिसतात, दोन्ही टोकांना फुललेले. त्याला बोट लावताना जपून.

रत्नागिरीजवळून एक कॉलेजचा विद्यार्थी विचारतो: सर, आम्ही सड्यावर राहतो, आजूबाजूला चिरेखाणी आहेत, लहानपणापासून त्यात फिरतोय पण एकही क्रिस्टल बघितला नाही. सगळे म्हणतात कोकण म्हणजे ज्वालामुखीचा दगड आणि त्यात क्रिस्टल असतात, मग आमच्याकडे का नाहीत?

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर द्यायला मलाही आवडेल, तेव्हा जरा लांबण लागली तर चालवून घे.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, आज उरलेला दगडच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. सह्याद्रीच्या कड्यावर पायऱ्यापायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. लाव्हा निवताना त्यातला वायू वर यायला बघतो आणि थराच्या वरच्या भागात बुडबुडे तसेच अडकून राहतात. क्रिस्टलचं घर म्हणजे हे बुडबुडे. पण घर झालं म्हणजे लगेच माणसं राहायला आली असं नव्हे. थर एकमेकांखाली गाडले गेले, खालून जमिनीची ऊब आणि भेगांमधून झिरपणारं पाणी, ते गरम पाणी दगडातली काच (लाव्हा झटकन निवून झालेली) आणि फेल्डस्पार नावाचं खनिज हळूहळू विरघळवत गेलं, त्यातून कॅल्शियम, सिलिका, ॲल्युमिनियम, पोटॅशियम उचलत गेलं आणि पोकळीत येऊन सोडत गेलं. पहिल्यांदा भिंतीला हिरवं अस्तर, मग बऱ्याच ठिकाणी गार किंवा कॅल्सिडोनी, मग ह्यूलँडाइट-स्टिल्बाइट, आणि अपोफिलाइट सहसा उशिरा, म्हणून तो बाकीच्यांच्या डोक्यावर बसलेला दिसतो. सगळीकडे हाच क्रम असतो असं नाही, पण पोकळी फोडली की कोण कोणावर बसलाय हे बघायची सवय लाव, त्यावरनं आधी कोण आणि नंतर कोण ते कळतं. आणि हे सगळं लाव्हा थंड झाल्यावर लगेच झालं नाही, काही खडे तर कोट्यवधी वर्षांनी तयार झालेत.

आता तुझा सडा. तिथला जांभा, म्हणजे ज्याचे चिरे काढतात तो लाल दगड, हाही एके काळी काळा दगडच होता. कोकणातला पाऊस, ऊन आणि वेळ, हे तिन्ही मिळून त्याचा जांभा झाला, म्हणजे पावसाच्या पाण्याने त्यातली सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम सगळं धुऊन नेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो लाल. आणि अपोफिलाइट, स्टिल्बाइट हे कशाचे बनलेत, तर जे धुऊन गेलं नेमकं त्याचेच. त्यामुळे चिऱ्यात भोकं दिसतील, पण ती रिकामी किंवा मातीने भरलेली. खाली जिथे ताजा काळा दगड लागतो तिथे बघ, खोल विहिरीचा मलबा, घाटरस्त्याची नवीन कापणी, खडी क्रशरच्या खाणी. बोरघाटात रेल्वेचं काम झालं तेव्हा (१८६३ मध्ये तो घाट सुरू झाला) डोंगर फोडताना निघालेले नमुने त्या काळी युरोपातल्या म्युझियमपर्यंत गेले.

आणि अजून एक, तुमच्या इथून दक्षिणेकडे जाशील तसा दगडच बदलतो. राजापूर ओलांडून कणकवली, मालवण, वेंगुर्ल्याकडे काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचे दगड उघडे पडलेत, ग्रॅनाइट, नाइस नावाचा पट्टेदार दगड, क्वार्ट्झाइट. तिकडे स्टिल्बाइट शोधत बसू नकोस, तिकडचा माल निराळा, कासार्डे-फोंड्याची सिलिका वाळू, रेडीचं लोहखनिज.

खाणीत जायचं तर मालकाला विचारून, सुरुंगाची वेळ माहीत करून घेऊन आणि कड्याच्या अगदी खाली उभं न राहता. क्रिस्टल बघायच्या नादात मान वर करायला विसरतात लोक.

कुडाळहून एका आजोबांचं पोस्टकार्ड: आमच्या वाडीत पांढरे दगड गावतत, एकमेकांवर आपटल्यार ठिणगी उडता. ह्यो हिरो की गारगोटी?

गारगोटीच हो आजोबा! वर लिहिलंय तसे तुमच्याकडचे दगड जुने, त्यांच्या भेगांमध्ये गारेच्या शिरा असतात, आजूबाजूचा दगड झिजतो आणि गार तशीच राहते. क्वचित त्या शिरेत एखादी फट असते आणि फटीत टोकदार सहा बाजूंचे खडे, ते मिळाले तर नातवंडांना द्या.

पनवेलजवळच्या क्रशरवर काम करणारे एक दादा: आमच्या खाणीत असे पुष्कळ निघतात, व्यापारी येऊन घेऊन जातात. वर लाल माती आणि पिवळा गंज बसलेला असतो. बाथरूमच्या ॲसिडने चकाचक होतात असं एकाने सांगितलं, करू का?

करू नका! हे मोठ्या अक्षरात छापायला सांगणार होतो पण संपादक तसलं करत नाहीत. बाथरूम साफ करायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असेल तर फसफसून विरघळून जाईल, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पण अपोफिलाइटलाही ते खातं, मधलं कॅल्शियम ओढून घेतं आणि मागे सिलिकाचा चिकट लगदा राहतो, पहिली काही मिनिटं खडा स्वच्छ दिसतो म्हणून माणूस फसतो, वाळल्यावर बघा, चमक गेलेली आणि वर पांढुरकं. स्टिल्बाइटचंही बरं होत नाही. त्यात बंद खोलीत त्याचा धूर छातीत जातो ते वेगळंच.

साधं पाणी, मऊ टूथब्रश, वेळ. माती हट्टी असेल तर बादलीत दोन-चार दिवस भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, बांबूच्या काडीने हळू उकरा. गरम पाणी नको, एकदम गरम-गार झालं की अपोफिलाइट मोतिया तोंडाला समांतर चिरतो. गॅसवर तर अजिबात नको, एकाने कोरडा करायला तव्यावर ठेवलेला मी बघितलाय, आतलं पाणी बाहेर पडायला लागतं, पापुद्रे सुटतात आणि शेवटी पांढरं फुललेलं काहीतरी उरतं. गंजाचे डाग थोडे राहिले तर राहू देत.

आणि व्यापारी काय बघतो ते सांगतो, तुमच्याच उपयोगाचं आहे. खड्याचं टोक शाबूत आहे का, कडेला चिपा उडाल्यात का, आणि खडा आपल्या दगडावर बसलेला आहे का. छिन्नीने सुटे करून पिशवीत भरलेले खडे किलोवर जातात. तोच खडा गुच्छासकट, मागच्या काळ्या दगडासकट, एका तुकड्यात आला तर त्याची किंमत वेगळ्या भाषेत बोलली जाते, अमेरिकेत टूसान नावाच्या गावात दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत दगडांची मोठी जत्रा भरते, तिथे टेबलावर आपल्या खाणींचा माल मांडलेला असतो. तेव्हा पोकळी दिसली की आधी थांबा, तिच्या भोवती वीतभर दगड ठेवून कापा. वर्तमानपत्रात गुंडाळायचं ते टोकावर दाब येणार नाही असं. आणि आतच चिठ्ठी टाका, गाव, खाण, तारीख. चिठ्ठी नसलेला दगड संग्राहकाला अनाथ वाटतो, हे अतिशय खरं आहे, पुढे कोणालाच सांगता येत नाही तो कुठला.

कर्जतहून एक गृहस्थ कळवतात: दोन वर्षांपूर्वी घाटातल्या कापणीतून पांढऱ्या-गुलाबी लांबट खड्यांचा दगड आणला होता. तेव्हा चमकत होता. काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवला. आता हात लावला की भुगा पडतो. कीड लागते का दगडाला?

कीड नाही, तहान. तो लॉमॉन्टाइट असणार. हा झिओलाइट गटातला, आणि ह्या गटाचा स्वभावच असा की त्यांच्या रचनेत बारीक बोगदे असतात आणि त्यात पाणी ये-जा करतं. १७५६ साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने ह्यातला एक दगड तापवला तर तो उकळल्यासारखा फसफसला, तेव्हापासून गटाला झिओलाइट, म्हणजे ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड', म्हणतात. बहुतेक झिओलाइट साध्या हवेत आपलं पाणी धरून असतात, लॉमॉन्टाइट मात्र नाही, कोरड्या हवेत आणला की पाणी सोडतो, आधी पांढरा अपारदर्शक होतो, मग तडे, मग भुगा. तुमचा बंद कपाटातला दिवा म्हणजे त्याला दिवसरात्र उन्हात ठेवल्यासारखं झालं. झालेला भुगा आता जुळत नाही. दुसरा मिळाला तर काही लोक पाण्याच्या बाटलीतच ठेवतात, दिसायला जरा प्रयोगशाळेसारखं दिसतं पण टिकतो. कपाटात दिव्याखाली जांभळी गार असेल तर तीही हलवा, तिचा रंग कडक उजेडात वर्षानुवर्षं राहिली की फिका पडतो. अपोफिलाइट, स्टिल्बाइट मात्र आपल्या दमट हवेत मजेत राहतात, त्यांची काळजी नको.

मुंबईहून एक वाचक मैत्रीण: प्रदर्शनात कापसाच्या गोळ्यांसारखे दगड मिळाले, एक पांढरा, एक गुलाबी, एक निळा. विकणाऱ्याने निळ्याला कॅव्हन्साइट सांगितलं. खरं का?

पांढरा खरा. तो ओकेनाइट, आपल्याच काळ्या दगडातला, मालाड-कांदिवलीच्या जुन्या खाणींमध्येही निघायचा. केसाएवढ्या सुया एका मध्यातून सगळीकडे फुटलेल्या असतात. हात लावू नका, सुया मोडतात आणि दबलेला गोळा परत उभा राहत नाही. गुलाबी आणि निळा म्हणजे तोच ओकेनाइट शाईत बुडवलेला, ओल्या कापसाच्या बोळ्याने कडेला टेकून बघा, बऱ्याचदा रंग बोळ्यावर येतो.

कॅव्हन्साइट वेगळं प्रकरण आहे. पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगनला सापडलं, पण बघण्यासारखे नमुने आले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमधून. गडद निळे, जाडसर चकचकीत खड्यांचे छोटे फुलोरे, बहुतेक वेळा पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. मऊ कापसासारखं नाहीच. त्यातही फसवणूक चालते, निखळलेला निळा फुलोरा दुसऱ्याच दगडावर डिंकाने चिकटवायचा. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारून बघा, डिंक बऱ्याचदा निळसर पांढरा चमकून उठतो. अपोफिलाइटचंही तसंच करतात, खडा फारच देखण्या जागी आणि फारच सरळ उभा असेल तर त्याच्या बुडाशी आधी बघावं.

हे दगड अंगावर बाळगले की अमुक दुखणं जातं वगैरे जे कार्ड सोबत दिलंय ते वाचून सोडून द्या. दगड सुंदर आहे, तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही.

मालाडहून एक काका: वडील इथल्या खाणीत कामाला होते. त्यांच्या ट्रंकेत फिकट हिरव्या, द्राक्षांसारख्या गोल गोल गाठींचे दगड मिळालेत. पाचू आहे का?

प्रेहनाइट, काका. कडकपणा सहा-साडेसहा, म्हणजे काचेवर ओरखडा येईल. पाचूच्या भावात जाणार नाही, पण तिथल्या खाणी आता बहुतेक बंद झाल्या, वर इमारती आल्या, त्यामुळे तिथला जुना माल संग्राहक आवर्जून विचारतात. वडिलांच्या हातची चिठ्ठी, वही काही असेल तर ती दगडासोबतच ठेवा.

पुन्हा महाडच्याच ताई, दुसऱ्या पत्रात: विहिरीतून अजून निघाले तर विकता येतील का? आणि खरं-खोटं कुठे बघायला मिळेल?

सातबारा तुमच्या नावावर असला तरी जमिनीखालच्या खनिजावर हक्क सरकारचा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ तसं सांगते. विहीर खणताना एखादा तुकडा निघाला आणि शोकेसमध्ये ठेवला म्हणून कोणी दारात येणार नाही, पण विकायचं म्हणून खणायला लागलात, ट्रॉली भरून दगड बाहेर काढलात, तर गौण खनिजाची परवानगी, रॉयल्टी, तहसीलदार कचेरीच्या फेऱ्या हे सगळं आलं, तेव्हा आधी तलाठ्याला विचारून घ्या. बघायला म्हणाल तर नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी नावाचं म्युझियमच आहे, खास ह्याच दगडांचं. शिर्डीला जाणार असाल तर वाटेत करता येईल, भावोजींनाही घेऊन जा. जाताना तुमच्या दगडाचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, वरून, बाजूने आणि शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो.